हाफ तिकिटाची डोकेदुखी

डॉक्टर मॅडमनी कागद आणि पेन माझ्यापुढे नाही, माझ्या मुलीपुढे सरकवलं. म्हणाल्या, "डोकं दुखायच्या आधी तुला जे दिसतं ना, ते काढ बरं."

समीक्षा तेव्हा तेरा वर्षांची होती. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग पेन उचललं. एक मोठा गोल काढला, मध्ये ठिपका दिला. गोलाच्या डाव्या अंगाला करवतीच्या दातांसारखी वाकडीतिकडी रेघ ओढली. रेघेच्या आतला भाग घासून घासून काळा केला.

"हे चमकते," रेघेवर बोट ठेवून ती म्हणाली. "आन हे दिसतच नाई. अर्धं टार्गेट गायब होते."

मॅडमनी कागद हातात घेतला, थोडा वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "मायग्रेन. ऑरासहित मायग्रेन."

मायग्रेन म्हणजे ठणकणारी, बहुतेकदा डोक्याच्या एका बाजूची, मळमळ आणि उलटी घेऊन येणारी डोकेदुखी. उजेड नको, आवाज नको, कुणाचं बोलणं नको. ऑरा म्हणजे त्याआधी येणारी वर्दी. डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेघा येतात, काही भाग दिसेनासा होतो आणि थोड्या वेळानं डोकं धरतं. डोळे चांगलेच असतात, गडबड मेंदूच्या विजेत होते, असं मॅडमनी समजावलं.

मी म्हटलं, "मॅडम, मायग्रेन तं मोठ्या बायांले होते ना? ही तं लेकरू हाय."

"लेकरांनाही होतो, ताई. त्यांचं कुणी ऐकत नाही, एवढाच फरक."

हे वाक्य मला झोंबलं, खोटं कशाला सांगू. कारण वर्षभर आम्ही सगळ्यांचं ऐकलं होतं, फक्त तिचं सोडून.

मी एसटीत कंडक्टर आहे. अमरावती डेपो. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, अकोला आणि परत, हे माझं रोजचं आयुष्य. कंडक्टरच्या डोळ्याला एक वाईट खोड लागते. तो माणूस पाहत नाही, तिकीट पाहतो. पोर दिसलं की मनात "हाफ". समीक्षाचं मोठं होणंही मी तसंच मोजलं. बारा पुरे झाले तेव्हा म्हटलं, चला, आता फुल. पण आता बायकामुलींना अर्धं भाडं, त्यामुळे बाई पुन्हा हाफवर आल्या.

माझा नवरा विलास वायरमन आहे. घरात आम्ही तिघं. समीक्षा शाळेआधी सकाळी तिरंदाजी शिकायला जायची. आमच्या अमरावतीत मुलींनी बांबूचं धनुष्य हातात धरलं तर कुणी वळून पाहत नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं आहे. तिचे सर म्हणायचे, या पोरीचा हात दगडासारखा स्थिर आहे. जिल्ह्याच्या निवडीत तिचं नाव येणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

आणि एका सकाळी तिनं धनुष्य ओढलं, आणि समोरच्या टार्गेटचा डावा भाग पुसल्यासारखा झाला. तिनं बाण सोडला. तो शेजारच्या मुलीच्या टार्गेटला लागला. सगळी मुलं हसली. थोड्या वेळानं ती मैदानाच्या कडेला बसून ओकली.

त्यानंतर हे महिन्यातून दोनदा, तीनदा, मग दर आठवड्याला व्हायला लागलं. शाळा बुडे, सराव बुडे. घरातल्या खिडक्यांना मी चादरी लावल्या. अंधारात ती उशीत डोकं खुपसून पडायची आणि मी दारात उभी राहायची. आत जावं तर बांगड्यांचा आवाज तिला सहन होत नव्हता. बांगड्या काढून ठेवल्या, मग नुसती बसायला लागले.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारची म्हणाली पित्त आहे, उपाशीपोटी कोकमाचं पाणी द्या. शाळेतल्या बाई म्हणाल्या, परीक्षा आली की बरोबर दुखतं हं. विलासची आत्या म्हणाली नजर लागली. एकानं सांगितलं चष्मा लागला असेल, म्हणून चष्मा केला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तो चष्मा घालून तिला जिने उतरताना चक्कर यायची. मेडिकलवरून वेदनाशामक गोळ्या आणून मी येता-जाता देत होते. त्या जास्त दिल्या की त्यांच्यामुळेच डोकं दुखतं, हे मला पुढे कळलं.

एमआरआयही झाला. म्हणजे त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये निजवून मेंदूचे फोटो काढतात. आत धडधड आवाज. समीक्षा आतून बाहेर आली तेव्हा गालावर सुकलेल्या पाण्याच्या रेघा होत्या. रिपोर्ट नॉर्मल आला. आनंद व्हायला हवा होता. पण घरी येऊन तिनं विचारलं, "नॉर्मल हाय म्हणजे मी नाटक करून राहिली का, आई?" मी रिपोर्टची घडी करून तो कपाटात ठेवला.

अमरावतीच्या बालरोगतज्ज्ञांनीच मग आम्हाला अकोल्याला या मॅडमकडे पाठवलं. माझ्याच गाडीतून, माझ्याच शेजारच्या सीटवर बसवून मी तिला नेलं. आणि तिथे पहिल्यांदा तिला कुणी विचारलं, तुला काय दिसतं.

त्याच दिवशी मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली. मायग्रेन वारंवार येऊ नये म्हणून मोठ्या माणसांना काही औषधं रोज देतात. मुलांनाही देतात. पण मुलांमध्ये त्यांचा खरंच उपयोग होतो का, किती होतो, हे पुरेसं ठाऊक नाही. "मोठ्यांवर तपासलेलं औषध अर्धं करून मुलांना द्यायचं, असं चालत आलंय," त्या म्हणाल्या. म्हणजे इथेही हाफ तिकीटच, माझ्या मनात आलं.

ते शोधून काढण्यासाठी त्यांच्याकडे एक क्लिनिकल ट्रायल चालू होती. रुग्णांवर, नियम ठरवून, देखरेखीखाली केलेला औषधाचा अभ्यास. काही मुलांना खरं औषध, काहींना प्लासिबो. प्लासिबो म्हणजे दिसायला हुबेहूब तशीच, पण आत औषध नसलेली साधी गोळी. कुणाला कोणती, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवणार. आणि ते मुलांना ठाऊक नसणार, आईबापांना नसणार, खुद्द मॅडमनाही नसणार. याला डबल ब्लाइंड म्हणतात. माझ्यासाठी डबल म्हणजे डबल बेल, गाडी सोडायची खूण. दोन्ही बाजूंनी आंधळं होऊन गाडी कशी सोडायची, मला कळेना.

विलासला तर ऐकूनच घाम फुटला. "आपली पोट्टी का उंदीर हाय?" तो घरी म्हणाला. "लोकं काय म्हनतीन?"

दुसऱ्या खेपेला मी त्यालाही सोबत घेऊन गेले. मॅडमनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. घाई नाही, वैताग नाही. एथिक्स कमिटी असते, म्हणजे अभ्यासावर नजर ठेवणारी बाहेरची माणसं असतात. कधीही सोडून जाता येतं, सोडलं तरी उपचार थांबत नाहीत. प्रत्येक मुलाला अचानक दुखलं तर घ्यायचं औषध मिळतंच, झोप, जेवण, पाणी याबद्दल सगळ्यांना शिकवलं जातंच. विलासनं उलटसुलट प्रश्न विचारले. इतके, की मीच त्याला कोपरानं ढोसलं. मॅडम म्हणाल्या, "विचारू द्या. न विचारणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते."

शेवटी तो तयार झाला. आम्ही दोघांनी सह्या केल्या. मग मॅडमनी एक वेगळी माहितीपत्रिका काढली, मोठ्या अक्षरांतली, चित्रांची, मुलांसाठी लिहिलेली. असेंट. म्हणजे मुलाची स्वतःची संमती. समीक्षाला वाचायला दिली आणि तिला विचारलं, "तुला यायचं आहे का यात?"

"हो म्हनते ती," मी म्हटलं.

"ताई, तुम्हाला नाही, तिला विचारतेय."

समीक्षानं कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "नाई."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ड्यूटी बदलून, नवऱ्याच्या कामाचा खाडा पाडून, एवढं सगळं करून ही पोट्टी नाही म्हणते! मी डोळे वटारले. मॅडमनी मात्र आमच्या सह्यांचे कागद बाजूला केले आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "बरं. नाही तर नाही. तुझा नेहमीचा उपचार सुरू करू." आणि खरंच केला. डोकं दुखू लागलं की किती वेळात कोणती गोळी, किती, आठवड्यातून किती वेळांच्या वर घ्यायची नाही, सगळं नीट समजावलं. एक शब्द टोचून नाही.

परतीच्या गाडीत मी बोरगाव मंजूपर्यंत तोंड फुगवून बसले. मग राहवलं नाही. "काहून नाई म्हनली वं?"

ती खिडकीबाहेर पाहत होती. "हो म्हटलं असतं तं कोनीबी ऐकते. नाई म्हटल्यावर ऐकतेत का, ते पाहाचं होतं."

"आन?"

"ऐकलं ना त्याईनं."

मूर्तिजापूरला गाडी थांबली. विलास चहा प्यायला उतरला. समीक्षा म्हणाली, "आता जायचं मले त्याच्यात. फोन कर."

त्या दिवशी मला माझ्या मुलीचा जो अभिमान वाटला, तो जिल्ह्याचं मेडल आणलं असतं तरी वाटला नसता. आणि त्या बाईंचाही वाटला. आमच्याकडे पोरांना कपड्याचा रंगसुद्धा कुणी विचारत नाही, त्यांनी औषधपाण्याच्या गोष्टीत तिचं "नाही" जसंच्या तसं उचलून धरलं होतं.

सुरुवातीला काही आठवडे नुसतं टिपण ठेवायचं होतं. कधी दुखलं, किती दुखलं, आधी काय दिसलं, रात्री किती झोपलीस, सकाळी काय खाल्लं. मग गोळ्या सुरू झाल्या. सकाळी नाश्त्यानंतर एक, रात्री जेवणानंतर एक. दर महिन्याला अकोला. तिथल्या कोमल सिस्टर, म्हणजे या अभ्यासाचं रोजचं काम बघणाऱ्या, बाटली परत घेऊन उरलेल्या गोळ्या मोजायच्या, समीक्षाचं वजन करायच्या, झोप जास्त येते का विचारायच्या.

ट्रिगर हा शब्द तिथे शिकलो. म्हणजे डोकेदुखीला चाळवणारी गोष्ट. समीक्षाचे ट्रिगर तिनं स्वतः शोधून काढले. उपाशीपोटी सराव, उन्हाची तिरीप, रविवारी उशिरापर्यंत लोळणं. मी समजत होते रविवारी झोपली तर तेवढाच आराम. मायग्रेनला रविवार कळत नाही, त्याला रोज सारखं लागतं. म्हणून आमच्या घरात रविवारीही त्याच वेळेला कुकरची शिट्टी व्हायला लागली. विलास कुरकुरला, पण उठला.

दुखणं कमी होऊ लागलं. एकदम नाही. आधी उलट्या थांबल्या, मग दोन दुखण्यांमधले दिवस वाढले. एकदा संपूर्ण पंधरवडा कोरा गेला तेव्हा मी त्या कोऱ्या रकान्यांवरून हात फिरवला. आम्हाला वाटलं, खरं औषधच मिळालं असणार.

मग तो महिना आला. कोमल सिस्टरनी गोळ्या मोजल्या, बरोबर भरल्या. मॅडम समीक्षाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "इतकी नियमित मुलगी नाही आमच्याकडे. एकही चुकवली नाहीस. शाब्बास!"

समीक्षाचा चेहरा उतरला. खाली बघून ती म्हणाली, "मॅडम, मी पूर्ण नाई खाल्ल्या. अर्धी रोशनीले देत होती."

रोशनी तिची मैत्रीण. धारणीकडच्या जंगलातल्या एका पाड्यावरची कोरकू आदिवासी मुलगी, अमरावतीत वसतिगृहात राहून तिरंदाजी शिकणारी. सरावानंतर दोघी मैदानाच्या कडेला बसून एका डब्यात खायच्या. माझ्या पोळीभाजीतलं अर्धं रोशनीचं, हे मला ठाऊक होतं, मी दोन पोळ्या जास्तच घालायची. ठाऊक नव्हतं ते हे, की सकाळची गोळीही घरी न खाता डब्यातूनच जायची. रोशनीचंही डोकं दुखायचं. तिला कुणी अकोल्याला नेणारं नव्हतं. मग समीक्षा दातानं गोळी तोडायची. अर्धी तुले, अर्धी मले. रोज नाही, रोशनीचं डोकं दुखेल त्या दिवशी.

"एका डब्यात जेवतो आमी," ती रडत म्हणाली. "गोळी एकटीनं कशी खायची?"

माझा हात उठलाच होता. मॅडमनी तो हवेतच धरला, म्हणजे नजरेनं. त्यांचा स्वतःचा चेहरा पांढरा पडला होता. आधी विचारलं ते रोशनीबद्दल. तिला काही झालं का, अंगावर पुरळ, चक्कर, दम? किती दिवसांपासून? तिथूनच सरांना फोन लावायला लावला, रोशनी ठीक आहे हे स्वतःच्या कानानं ऐकलं आणि मगच खुर्चीत मागे टेकल्या.

मग समीक्षाला स्पष्ट सांगितलं. आवाज चढवला नाही, पण गोडही बोलल्या नाहीत. "एकीचं औषध दुसरीला विष होऊ शकतं. या अभ्यासातलं औषध दमेकऱ्याला चालत नाही, रोशनीला दमा असता तर? हे पुन्हा होता कामा नये."

"मले काढून टाकसान का आता?" समीक्षानं विचारलं. आमचं वर्ष वाया जाणार, दुखणं परत येणार, ती पुन्हा अंधाऱ्या खोलीत जाणार, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे होतं.

"नाही. पण जे घडलं ते जसं घडलं तसं लिहावं लागेल, कमिटीलाही कळवावं लागेल. तू सांगितलं नसतंस तर आम्हाला कधीच कळलं नसतं. गोळ्या तर बरोबर भरल्या होत्या. आमचा अभ्यास खोटा पडला असता, आणि आम्ही तोच खरा म्हणून पुढच्या मुलांना सांगितला असता. का सांगितलंस?"

समीक्षानं नाक पुसलं. "तुमी मले विचारलं होतं ना, यायचं का म्हनून. मंग सांगनं तं मलेच आलं."

मॅडम कोमल सिस्टरकडे वळल्या. "आपण मुलांना तोंडी सांगतो का, गोळी कुणाला देऊ नका म्हणून?"

"कागदात आहे, मॅडम. तोंडानं आपण आठवणीनं घे एवढंच म्हणतो."

"चूक आपली पण आहे मग," मॅडम म्हणाल्या. आमच्यासमोर, आवाज न लपवता. मी इतकी वर्षं नोकरी करते आहे. वरच्या माणसानं आपली चूक खालच्या माणसांसमोर एवढ्या सहज कबूल केलेली मी पाहिली नव्हती. पुढच्या महिन्यापासून तिथे प्रत्येक मुलाला एक नवा प्रश्न विचारायला लागले. डबा कुणासोबत खातोस? आणि मग, गोळीही देतोस का त्याला? कोमल सिस्टरनी नंतर हसत सांगितलं, की या प्रश्नावर आणखीही एकदोन माना खाली गेल्या.

रोशनीला सरांसोबत अकोल्याला बोलावून घेतलं. तिला मायग्रेन नव्हताच. तिला लांबचं दिसत नव्हतं. जन्मात कुणी डोळे तपासले नव्हते, आणि पोरगी धुक्यातल्या पिवळ्या ठिपक्यावर अंदाजानं बाण मारत होती. डोळे ताणून ताणून डोकं दुखायचं. ज्या चष्म्यापायी आम्ही समीक्षाला वर्षभर छळलं, तो हवा होता तिच्या मैत्रिणीला. चष्मा लागला आणि रोशनी म्हणाली, "टार्गेटवर इतक्या रेघा हायेत?" सर म्हणाले, न बघता एवढा नेम होता, आता बघून मारायला लागली तर आपली खैर नाही.

पुढच्या वर्षीची जिल्हा निवड अमरावतीतच होती. मी रजा काढून गेले. समीक्षा चांगली सुरू झाली. पहिल्या फेरीत पुढे होती. माझे हात मांडीवर घट्ट. दुसऱ्या फेरीत तिनं धनुष्य उचललं, ओढलं, आणि तशीच थांबली. मग हळूच दोरी सैल केली. धनुष्य खाली ठेवलं. हात वर केला.

मला कळलं. रेघ आली होती.

आधीची समीक्षा बाण मारत राहिली असती, ओकेपर्यंत. ही सरांना सांगून सावलीत गेली, पाणी प्यायली, गोळी घेतली, टोपी तोंडावर घेऊन आडवी झाली. तिची फेरी गेली. मला रडू आवरेना. शेजारची बाई म्हणाली, "हरली वाटते." मी म्हटलं, "नाई वो बाई."

पूर्वी असं झालं की दोन दिवस पोरगी हातची जायची. त्या दिवशी शेवटची फेरी सुरू व्हायच्या आत ती उठून, थोडी पांढुरकी, रोशनीच्या मागे पाण्याची बाटली घेऊन उभी होती. निवड रोशनीची झाली. समीक्षानं इतक्या जोरात शिटी मारली की मी तिला म्हटलं, अवं, डोकं दुखलं ना तुझं आताच!

अभ्यास संपल्यावर, सगळ्या मुलांची मुदत पुरी झाल्यावर, कुणाला काय मिळालं ते उघडलं. मॅडमनी आम्हाला बोलावलं. समीक्षापुढेच सांगितलं, तिलाच उद्देशून. "तुला साधी गोळी होती. औषध नव्हतं."

विलास उठून उभाच राहिला. "म्हणजे इतके दिवस काय देऊन राहिले तुमी आमच्या पोरीले?" रागानं त्याचा आवाज फाटला. मलाही प्रश्न पडला. दुखणं कमी झालं ते कशानं मग? मॅडमनी सांगितलं ते असं. झोप, नाश्ता, पाणी, वेळेवर घेतलेली दुखण्याची गोळी, वारेमाप वेदनाशामकं बंद होणं, आपण बरे होणार हा भरवसा, आणि वाढत्या वयात आपोआप होणारा बदल. यातलं कशानं किती, ते एका मुलीवरून सांगता येत नाही. काही मुलांना औषध लागतंच, आणि ते लाजेचं नाही. औषध साध्या गोळीपेक्षा खरंच जास्त काम करतं का, ते सगळ्या मुलांचं मिळून पाहावं लागेल. हे वाचून कुणी आपल्या मुलाची गोळी बंद करणार असेल, तर करू नका. डॉक्टरांना विचारा.

विलास अजून उभा होता. समीक्षानं त्याच्या शर्टाची बाही ओढली.

"बाबा, टार्गेटवर रेघा काहून असतेत? रेघा नसत्या तं बाण कुठं लागला, काय समजन? आमी साधी गोळीवाले ना, त्या रेघा होतो."

तो बसला. मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "हे मी माझ्या विद्यार्थ्यांना असंच सांगणार आहे. चालेल ना?" विचारलं तिला. तिनं मान डोलावली.

आजही तिला मायग्रेन येतो. कधीमधी. ती त्याला घाबरत नाही, आणि मीही दारात उभी राहत नाही. गाडीत एखादं पोर कपाळ धरून, डोळे मिटून बसलेलं दिसलं की मी तिकीट नंतर फाडते. आधी वाकून विचारते, काय होऊन राहिलं रे बाबू, काय दिसते तुले? आई म्हणते, काही नाही, पित्त आहे. मी म्हणते, त्याला बोलू द्या. ज्यांच्या घरात असं पोर आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे.

मागच्या वेळी अकोल्याला तपासणीला गेलो तेव्हा मॅडमकडे नवा अभ्यास सुरू होत होता. बाहेरच्या बाकावर एक आठनऊ वर्षांची मुलगी चित्रांचा तोच कागद घेऊन बसली होती, ओठ घट्ट मिटून. तिचे वडील सारखे तिच्या खांद्याला हलवत होते. "अवं, हो म्हन ना लवकर. गाडी चुकन आपली."

समीक्षा तिच्या शेजारी जाऊन बसली.

"नाई म्हटलं तरी चालते," तिनं त्या मुलीला सांगितलं. "मी पन म्हटलं होतं."

वडील वैतागले. "अवं बाई, ती हो म्हनते, आमचं ठरलं हाय."

समीक्षानं त्यांच्याकडे पाहिलं, अगदी नरमाईनं. "काका, तुमाले नाई. तिले विचारून राहिले."